माशाच्या काट्याची गिटार

गिटार वाजवणाऱ्यांमध्ये एक जमात अशी आहे, की तिला नवी गिटार हवी असते पण ती जुनी हवी असते. म्हणजे दुकानातून कोरी करकरीत आणायची, पण तिचा आवाज, रंग, खुंट्या, कडेची नक्षी असं सगळं १९३७ सालचं पाहिजे. कारखानेही हुशार. परंपरेचं नाव सांगणारी नवी गिटार ते अधूनमधून काढत राहतात, आणि ती आली रे आली की वाजवणाऱ्यांचे वाद सुरू होतात. एक म्हणतो, डोळे मिटून ऐका, हुबेहूब तोच आवाज. दुसरा म्हणतो, छे, जुन्याची सर नाही. तिसऱ्याला आवाजाशी देणंघेणं नसतं. पिवळट रंग फासून कुणाला म्हातारपण येतं का, एवढंच त्याचं म्हणणं.

हे वाद मी बरीच वर्षं आवडीने ऐकत आलोय. (माझं स्वतःचं गिटारवादन नातेवाइकांनी सहन केलेलं आहे, तेव्हा त्याबद्दल इथे न बोललेलं बरं.) या वादांच्या मागे एक चांगला लांबलचक इतिहास आहे, आणि वाजवणाऱ्यांचं म्हणणं कुठे खरं ठरलं, कुठे ते नुसतं नावाला भुलले, हे त्यात बऱ्यापैकी स्वच्छ दिसतं. आणि गंमत म्हणजे त्या इतिहासाचं एक टोक थेट आपल्या सह्याद्रीत येऊन पोचतं. म्हणून आज मार्टिन कंपनीच्या 'डी-२८' या गिटारची गोष्ट.

ख्रिश्चन फ्रेडरिक मार्टिनचा जन्म १७९६ चा, जर्मनीतल्या सॅक्सनी प्रांतातल्या मार्कनॉयकिर्शन गावचा. घर सुतारांचं. व्हिएन्नाला जाऊन श्टाउफर नावाच्या नामवंत कारागिराकडे तो गिटार बनवायला शिकला आणि गावी परतला. पण गावात व्हायोलिन बनवणाऱ्यांचं मंडळ होतं, आणि त्यांचं म्हणणं असं, की वाद्यं बनवायचा हक्क आमचा. सुतारांनी कपाटं करावीत, गिटारी करू नयेत. भांडण बरीच वर्षं चाललं. शेवटी १८३३ मध्ये मार्टिन बायकामुलांसह न्यूयॉर्कला गेला, आणि काही वर्षांनी पेनसिल्व्हेनियातल्या नाझरेथ गावी स्थिरावला. कंपनी आजही तिथेच आहे. तर आज ज्या नावापुढे सगळे परंपरा म्हणून हात जोडतात, त्या माणसाला त्याच्या गावात परंपरेच्याच नावाने नकार मिळाला होता. हे लक्षात ठेवा, पुढे उपयोगी पडेल.

आता थोडं वाद्याच्या पोटात शिरू. गिटारचा आवाज मुख्यतः तिच्या वरच्या फळीचा. ही फळी जेमतेम तीन मिलिमीटर जाडीची असते, आणि स्टीलच्या सहा तारा मिळून तिच्यावर सत्तर-ऐंशी किलोंचा ताण देतात. नुसती फळी ठेवली तर काही दिवसांत फुगून फुटेल. म्हणून आतून लाकडाच्या पट्ट्या चिकटवतात. मार्टिनच्या गिटारींत १८४० च्या दशकात या पट्ट्या फुलीच्या आकारात बसवायला सुरुवात झाली, आणि आज जगातल्या बहुतेक स्टीलच्या तारांच्या गिटारी त्याच पद्धतीने बांधतात. खरी मेख पुढे आहे. पट्ट्या जाड ठेवल्या तर गिटार टिकते पण फळी थरथरत नाही, आवाज कोंडतो. पातळ केल्या तर फळी मोकळी बोलते, पण टिकेल की नाही याची धास्ती. आवाज आणि आयुष्य यांची ही ओढाताण प्रत्येक गिटारच्या पोटात चालू असते.

डी-२८ जन्मली ती मंदीच्या काळात. त्या आकाराची पहिली गिटार मार्टिनने १९१६ मध्ये ऑलिव्हर डिटसन या दुसऱ्या कंपनीसाठी केली होती. अंगाने मोठी, कंबरेला जाड, म्हणून नाव दिलं 'ड्रेडनॉट', एका ब्रिटिश युद्धनौकेवरून. १९३१ मध्ये मार्टिनने तीच स्वतःच्या नावाने काढली. १९३४ पासून तिची दांडी अंगापासून चौदा पडदे मोकळी असलेली रूढ झाली, आणि आज आपण गिटार म्हटल्यावर डोळ्यासमोर जे चित्र येतं ते तयार झालं. त्या वेळच्या डी-२८ च्या पोटातल्या पट्ट्या मधे खरवडून पातळ केलेल्या असत, बाजूने पाहिलं तर झोळीसारख्या. आणि फळीच्या कडेने काळ्या-पांढऱ्या लाकडाच्या बारीक तुकड्यांची एक किनार असे. ती दिसते हेरिंग माशाच्या काट्यासारखी, म्हणून तिला हेरिंगबोन म्हणतात. किनार जर्मनीहून यायची.

ही गिटार विकत घेणारे लोक परंपरा घेत नव्हते. ते एक नवं, मोठ्या आवाजाचं हत्यार घेत होते. बँजो आणि फिडलच्या गलक्यात गिटार ऐकू यायला हवी, एवढी साधी गरज. चाळीसच्या दशकात बिल मन्रोच्या ज्या ताफ्यातून ब्लूग्रास संगीत आकाराला आलं, त्यात लेस्टर फ्लॅट डी-२८ वाजवत असे. हँक विल्यम्सकडेही डी-२८ होती. त्याची १९४१ ची गिटार पुढे नील यंगकडे आली.

मग दोन बदल झाले, आणि दोन्हींची कारणं अगदी रोखठोक होती. वाजवणारे आणखी जाड तारा लावू लागले होते, त्यामुळे फुगलेल्या फळ्यांच्या गिटारी दुरुस्तीला परत येत. कंपनीने १९४४ च्या अखेरीस पट्ट्या खरवडणं बंद केलं. जर्मनीहून येणाऱ्या किनारीचा साठाही महायुद्धानंतर संपत आला आणि १९४७ मध्ये डी-२८ वरून हेरिंगबोन गेली. तिच्या जागी साधी काळी-पांढरी रेघ आली. कारखान्याच्या बाजूने पाहिलं तर यात काही चूक नाही. कारखान्याला दुरुस्तीच्या टेबलावर आलेली गिटार दिसते, मैफलीतली दिसत नाही.

मैफलीतली गिटार वाजवणाऱ्यांना ऐकू येत होती. साठच्या दशकात अमेरिकेत लोकसंगीताची लाट आली आणि तरुण पोरं जुन्या गिटारी शोधायला लागली. त्यांच्या लक्षात आलं, की युद्धापूर्वीची डी-२८ हातात घेतली की खर्ज छातीशी जाणवतो, आणि दुकानातली नवी तशी बोलत नाही. काही कारागीर तर नव्या गिटारच्या भोकातून हात आत घालून, आरशात बघून, पट्ट्या खरवडून द्यायला लागले. आपल्याकडे तानपुऱ्याची जवारी काढणारे बोटाच्या अंदाजाने घोडी घासतात, त्यातलाच हा प्रकार. फरक एवढाच, की इथे हात जरा जास्त चालला तर गिटार गेली.

या शोधातली सगळ्यांत प्रसिद्ध गिटार म्हणजे क्लॅरन्स व्हाइटची १९३५ ची डी-२८. क्लॅरन्स १९७३ मध्ये अपघातात गेला. टोनी राइसने लहानपणी, १९६० च्या सुमाराला, ती गिटार क्लॅरन्सच्या हातात पाहिली होती. १९७५ मध्ये त्याने ती शोधून विकत घेतली आणि २०२० मध्ये मरेपर्यंत सांभाळली. तिच्या आवाजाच्या मागे लागून किती गिटारी बनल्या, त्याची गणती नाही. पण ती गिटार स्वतः मुळाबरहुकूम नव्हतीच. तिचं भोक कुणीतरी कधीतरी मोठं करून ठेवलेलं होतं आणि बोटं टेकायची पट्टी मूळची नव्हती. म्हणजे लोक परंपरा म्हणून जिची नक्कल करत होते, ती एक वापरून वापरून, डागडुजी करून तयार झालेली वस्तू होती. पुढे सांताक्रूझ कंपनीने टोनी राइससाठी जे मॉडेल केलं, त्यात ते मोठं भोकही आलं!

शेवटी १९७६ मध्ये मार्टिनने हार मानली म्हणा किंवा शहाणपणा केला म्हणा, 'एचडी-२८' ही गिटार काढली. खरवडलेल्या पट्ट्या परत, माशाच्या काट्याची किनार परत. आज ज्याला परंपरेतून आलेली नवी रचना म्हणतात, त्यातलं हे एक सुरुवातीचं आणि सगळ्यांत यशस्वी उदाहरण. ही गिटार अजूनही बनते. इथे वाजवणाऱ्यांचा कान बरोबर होता आणि कारखान्याने तो मानला. वाजवणाऱ्यांच्या मताला मी जो मान देतो, तो याच प्रसंगामुळे.

पण नाव बघा. 'एच' हे अक्षर हेरिंगबोनचं. आवाज बदलला पट्ट्यांनी आणि नाव मिळालं किनारीला. साहजिक आहे म्हणा, पट्ट्या पोटात असतात, किनार डोळ्यांना दिसते. जुन्या गिटारी विकणारे-घेणारेही त्यांना सरसकट हेरिंगबोनच म्हणत. आता वर दिलेली साल पुन्हा वाचा: पट्ट्या खरवडणं १९४४ च्या अखेरीस थांबलं, किनार १९४७ मध्ये गेली. म्हणजे १९४६ ची डी-२८ बाहेरून शुद्ध हेरिंगबोन आणि पोटात नव्या पद्धतीची. नुसती खूण बघून खरेदी करणाऱ्याला तिथेच चकवा बसतो. मूळ गुण एका जागी, खूण दुसऱ्या जागी, आणि आपण हळूहळू खुणेलाच गुण समजायला लागतो.

२०१७ मध्ये कंपनीने खुद्द डी-२८ चं रूप बदललं तेव्हा हे आणखी उघडपणे दिसलं. फळीला मुरल्यासारखी पिवळसर छटा, जुन्या धर्तीच्या उघड्या दातांच्या खुंट्या, पण दांडी मात्र आजच्या हाताला सोयीची, सडपातळ. तीसच्या दशकातली दांडी पाठीला जरा उतरती, टोकदार असे. ती काहींना फार आवडते, पण बऱ्याच जणांचा अंगठा तासाभरात कुरकुरायला लागतो. थोडक्यात काय, आवाज आजोबांचा हवा, दिसायला आजोबांसारखी हवी, आणि दांडी नातवाच्या हाताची हवी. मला यात ढोंग वाटत नाही. वाजवणारा माणूस वाद्याशी असाच वागतो, हवं ते ठेवतो, नको ते सोडतो. रंगाच्या छटेवरून वाद घालणाऱ्यांना मी एवढंच विचारीन, की दिवे मालवल्यावरही हा वाद चालू राहील का?

हा प्रश्न मी उगाच विचारत नाही. मध्यंतरी माझ्या भाच्याने गिटार घ्यायची म्हणून बरीच चौकशी केली आणि मला म्हणाला, "मामा, पाठीला इंडियन रोझवूड असेल तर ती दोन नंबरची समजतात ना?" मी दोन मिनिटं गप्पच बसलो. कारण इंडियन रोझवूड म्हणजे आपली शिसव! तीच ती, आजोळच्या ओटीवरच्या झोपाळ्याची शिसव.

याचीही हकीकत आहे. डी-२८ ची पाठ आणि बाजू पूर्वी ब्राझीलच्या रोझवूडच्या असत. ब्राझीलने अख्खे ओंडके देशाबाहेर पाठवण्यावर बंधनं घातली, चांगलं लाकूड मिळेनासं झालं, आणि १९६९ च्या सुमाराला मार्टिनने भारतातली शिसव वापरायला सुरुवात केली. तिचं व्यापारातलं नाव 'ईस्ट इंडियन रोझवूड'. (नावात पूर्व, पण झाड मुख्यतः पश्चिम घाटातलं, कर्नाटकात कॉफीच्या मळ्यांत सावलीलाही ती राखलेली दिसते.) दोन्ही झाडं एकाच कुळातली, चुलत भावंडं म्हणावीत अशी. ब्राझीलची जात पुढे इतकी धोक्यात आली, की १९९२ मध्ये तिच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर जवळजवळ पूर्ण बंदी आली. झालं, जे मिळत नाही ते सर्वोत्तम! जुन्या गिटारींत ते लाकूड होतं, जुन्या गिटारी चांगल्या वाजतात, म्हणून तो आवाज त्या लाकडाचा. पट्ट्या बदलल्या, तारा बदलल्या, मधे पन्नास-साठ वर्षं गेली, याचा हिशेब कुणी ठेवायचा?

यावर एक नीट प्रयोग झालेला आहे. इंग्लंडमधल्या लँकेस्टर विद्यापीठातल्या संशोधकांनी रॉजर बकनॉल या कारागिराकडून सहा गिटारी करून घेतल्या. सगळ्या शक्य तितक्या सारख्या, फक्त पाठ आणि बाजूंचं लाकूड वेगवेगळं: ब्राझिलियन रोझवूड, शिसव, मॅहॉगनी, मेपल, सापेली आणि अक्रोड. ५२ गिटारवादकांना त्या वाजवायला दिल्या, खोलीत अंधूक उजेड ठेवून आणि डोळ्यांवर वेल्डिंगचे काळे चष्मे चढवून. २०१८ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. सहाही गिटारींना मिळालेली पसंती जवळपास सारखी होती, आणि कुठली कुठली हे वादकांना खात्रीने ओळखताही येत नव्हतं. त्या अभ्यासातल्या क्लॉडिया फ्रिट्झ यांनी त्याआधी व्हायोलिनवर असेच प्रयोग केले होते. २०१० मध्ये इंडियानापोलिसमध्ये २१ वादकांनी डोळे झाकून स्ट्रॅडिव्हेरियससारखी जुनी आणि आजची नवी व्हायोलिनं वाजवली, तेव्हा बहुतेकांनी नव्यालाच पसंती दिली.

या प्रयोगाने सगळंच ठरत नाही, हे मान्य. तो फक्त पाठीच्या आणि बाजूंच्या लाकडाबद्दल बोलतो. वरच्या फळीबद्दल, पट्ट्यांबद्दल नाही. ऐंशी वर्षं मुरलेल्या फळीत काय होतं तेही त्यात नाही. (फळी मुद्दाम भाजून तसं मुरवायचा उद्योग आता कारखाने करतातच.) शिवाय जुन्यांतल्या ज्या गिटारी आज आपल्यापर्यंत आल्या, त्या निवडून आलेल्या आहेत. ज्या फुगल्या, फुटल्या, बेसूर होत्या त्या केव्हाच अडगळीत गेल्या. जुनी गाणी सगळीच चांगली होती असं आपल्याला वाटतं, कारण वाईट गाणी कुणी जपून ठेवली नाहीत. तसंच हे.

आणि आठवणीतल्या आवाजाचा भरवसा किती धरायचा? आजोळच्या त्या शिसवी झोपाळ्याचंच घ्या. घर सोडलं तेव्हा तो विकला गेला, त्याला आता पुष्कळ वर्षं झाली. थोरला मामा सांगतो, त्याच्या कड्यांचा आवाज खोल, घुमणारा होता. मावशी म्हणते, कसला घुमणारा, कर्र कर्र करायचा आणि दुपारी कुणाचा डोळा लागू द्यायचा नाही. दोघांचेही कान चांगले आहेत आणि दोघेही खरंच सांगतायत. झोपाळा मात्र आता मधे नाही, म्हणून निकाल लागत नाही. गिटारचं बरं आहे, ती अजून वाजवून बघता येते.

शिसवीचं दुय्यमपण मनाला लागतं ते नुसतं आपलं लाकूड म्हणून नाही. 'अस्सल' लाकडाच्या हट्टापायी ब्राझीलच्या पूर्व किनाऱ्याच्या जंगलातलं एक झाड कुठल्या टोकाला गेलं ते आपण पाहिलं. आता आपली शिसवही धोक्यात असलेल्या झाडांत मोजली जाते. २०१७ मध्ये रोझवूडच्या कुळातल्या जवळपास सगळ्याच झाडांवर आंतरराष्ट्रीय व्यापाराचे निर्बंध आले. शिसवी गिटार विकायला सीमेपलीकडे पाठवायची तर परवाने लागू लागले. तयार वाद्यांना २०१९ च्या नोव्हेंबरपासून त्यातून सूट मिळाली. पण समजा उद्या शिसवही मिळेनाशी झाली. मला खात्री आहे, की त्यानंतर दहा वर्षांत कुणीतरी म्हणेल, "खरा आवाज शिसवीचाच हो, आताच्या लाकडात ती मजा नाही." तेव्हा शिसवीला पहिला नंबर मिळेल, पण झाड उरलेलं नसेल. त्यापेक्षा ती आत्ताच, उभी असताना, चांगली आहे असं म्हटलेलं काय वाईट?

म्हणून परंपरेतून आलेली नवी गिटार कशी वाटते, असं कुणी विचारलं तर मी वाजवणाऱ्याचं मत जरूर ऐकतो, पण ते मत कुठून आलंय तेही बघतो. बोटांखालून आणि कानांतून आलं असेल, तर ते १९७६ मध्ये अख्ख्या कारखान्याला वळवू शकलं होतं. किनारीवरून, नावावरून, किमतीवरून आलं असेल, तर ते मार्कनॉयकिर्शनच्या त्या मंडळाचं मत झालं, ज्यांनी गिटार न ऐकताच ठरवलं होतं की सुताराला ती करता येणार नाही. १९३५ ची डी-२८ ज्यांनी घेतली त्यांनी तिचं साल बघितलं नव्हतं. ती त्यांच्यासाठी नवी कोरी होती. त्यांच्या परंपरेला जागायचं असेल तर त्यांनी केलं तेच करावं लागेल: दुकानात जावं, वाजवावी, आवडली तर घ्यावी.

भाच्याला मी एवढंच सांगितलं, की दुकानात गेलास की डोळे मीट आणि मित्राला एकेक गिटार हातात द्यायला सांग. कुठली कुठली ते त्याने बोलायचं नाही. त्याने तसं केलं. घेतली ती शिसवी पाठीची निघाली, पण तो माझ्या मुद्द्याचा पुरावा नव्हे. मॅहॉगनीची निघाली असती तरी मला तितकंच बरं वाटलं असतं. सध्या त्याच्या सोसायटीतले लोक ती रोज ऐकतायत, आणि त्यांचंही त्याबद्दल ठाम मत आहे असं कळतं. असो.